दाराखालून येणारं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी दाराजवळचं पायपुसणं चिंब दिसलं, की आपण आतूनच फट शोधतो आणि तिच्यात सिलिकॉन भरून टाकतो. मीही तेच केलं होतं. दोन पावसाळे ओल दिसली नाही. तिसऱ्या वर्षी चौकटीचा खालचा कोपरा सहज दाबून पाहिला, तर अंगठा लाकडात रुतला. पाणी शिरायचं थांबलंच नव्हतं. मी फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती.

म्हणून कळकळीने सांगतो, आधी बाहेर जाऊन पाहा.

ओल दिसते तिथूनच पाणी शिरलेलं असतं असं नाही. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून घुसलेलं पाणी आतल्या आत ओघळत उंबरठ्यापाशी बाहेर येतं. एखाद्या कोरड्या दिवशी झाडांना पाणी घालायचा पाइप घ्या आणि घरातल्या कुणाला तरी टॉर्च घेऊन आत बसवा. हलकी धार आधी उंबरठ्यावर धरा, पाच-दहा मिनिटं. मग चौकटीच्या बाजू, मग वरचा भाग. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि काहीच उमगणार नाही. आतून "आलं, आलं" अशी हाक आली, की धार जिथे आहे तिथे खूण करा.

लाकडी दार असेल तर त्याचा तळही बघा. जमिनीवर छोटा आरसा ठेवून उजेड पाडला की दिसतो. बहुतेक वेळा तो कोराच असतो, कारण दार बिजागऱ्यांवरून उतरवल्याशिवाय तिथे ब्रश पोचत नाही. उभ्या लाकडाचे तंतू तिथे कापलेले, उघडे असतात आणि वातीने तेल ओढावं तसं ते पाणी ओढतात. दार फुगतं, घासतं, मग आपण रंधा मारून घेतो. पावसाळा सरला की दार आकसतं आणि आधीपेक्षा मोठी फट राहते. दार पूर्ण वाळल्यावर उतरवून तळाला रंगाचे दोन हात द्या. माझ्या मते या सगळ्यात हेच काम सर्वांत मोलाचं.

फट किरकोळ वाटते, पण हिशेब करा. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ मिलिमीटर फट म्हणजे ९ चौरस सेंटिमीटरचं भोक. त्यात ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आदळला, तर त्याचा दाब पाण्याला सेंटिमीटरभर वर चढवू शकतो. उंबरठा सपाट असला तर नुसती रबरी पट्टी कशी पुरणार? उंबरठ्याचा उतार बाहेरच हवा आणि बाहेरची फरशी आतल्यापेक्षा खाली हवी, मीटरला एक-दोन सेंटिमीटर उताराची. तांब्याभर पाणी ओता, ते दाराकडे वळतंय का ते लगेच कळेल.

दारावर छज्जा असेल तर त्याच्या पोटाखाली, कडेच्या जरा आत, एक लांब खाच असते. छज्ज्याला चिकटून भिंतीकडे सरकणारा थेंब त्या खाचेपाशी सुटून खाली पडतो. प्लास्टर करताना ती बुजली असेल तर मोकळी करून घ्या.

सिलिकॉन जरूर वापरा, पण बाहेरून, जुना थर खरवडून, जागा अगदी कोरडी करून. त्यावर रंग धरत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीला खाली जी बारीक भोकं असतात, ती मुंग्या येतात म्हणून कुणी बुजवू नका. आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. पावसाआधी त्यांतून एकदा बारीक काडी फिरवा, साचलेली माती निघून जाईल.