ओढ्यातून आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात कोकणातल्या लाल मातीच्या वाटांवर जीप घालणारे निघण्याआधी गाडी नीट बघून घेतात. बघावीच. पण ब्रेकची खरी तपासणी परत आल्यावर करायची असते, हे मला जरा उशिरानं कळलं.

माझ्या जुन्या जीपनं एक ओढा ओलांडला. पाणी निम्म्या चाकापर्यंत. पुढच्या उतारावर ब्रेक दाबला. पेडल नेहमीसारखं घट्ट, पण गाडी आपली चाललीच! लायनर, म्हणजे ब्रेकमधले घासणारे पट्टे, भिजले होते, दुसरं काही नाही. आता पाण्यातून बाहेर पडलो की सपाटीवर, ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर हळू जातो. घासून लायनर तापतात नि सुकतात.

चिखल मात्र असा जात नाही. पुढच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे तबकडी, उघडी असते, पाण्याच्या फवाऱ्यानं बरीच साफ होते. मागच्या ब्रेकचा ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. आठवड्याभरानं मागून खरखर सुरू झाली. हँडब्रेक सोडून, चाक काढून ड्रम ठोकून ठोकून ओढला, तर आत भाजलेल्या विटेसारखी मातीची खपली. लायनरमध्ये खडे रुतलेले, आणि ड्रमवर नखाला लागतील अशा रेघा. ही धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, नाकातोंडात जाते. पाण्यानं धुवा. व्हील सिलिंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागाचं, रबर किंचित मागे सारून पाहा. आत ऑइल दिसलं, तर सील गेलं म्हणून समजा.

ब्रेक ऑइललाही पाणी बाधतं. ते ओल शोषून घेतं. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल मुरलेल्यासाठी तोच आकडा १४०. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. म्हणून माझ्या गाडीत दरवर्षी पावसाळा संपला की नवं ऑइल, आणि उतारावर लो रेंजचा, म्हणजे जीपच्या जास्त ताकदीच्या, हळू चालीच्या जोडणीचा, पहिला गिअर. त्यात मेकॅनिकशीही वाद घालत नाही.

आणखी एक. भिजलेल्या गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला धरून बसतात. सपाट जागी लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. सकाळी दगड काढायचा असतो, हे मी एकदा विसरलो होतो.