‘राजकीय पक्ष’ शिकवताना

मित्रहो, दहावीच्या राज्यशास्त्रात ‘राजकीय पक्ष’ नावाचं एक प्रकरण आहे. 2019 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मी ते शिकवत होतो. आमची शाळा खासगी अनुदानित आणि संस्थेचे अध्यक्ष त्याच निवडणुकीत उमेदवार. मी फार जपून शिकवलं. कुठल्या पक्षाबद्दल दोन वाक्यं जास्त नकोत, की दोन कमी नकोत. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, काल संध्याकाळी तुम्ही आमच्या गल्लीत साहेबांच्या चिठ्ठ्या वाटत होता ना?”

खरं होतं. शाळा सुटल्यावर आम्हा शिक्षकांना गल्ल्या नेमून दिल्या होत्या. लेखी काही नव्हतं, असा आदेश कधी लेखी नसतोच. शिपाई वर्गाच्या दारात येऊन सांगतो, ‘पाचला ऑफिसात थांबा, साहेबांनी बोलावलंय.’

खासगी शाळेतला शिक्षक राजकीयदृष्ट्या तटस्थ राहू शकतो का, असं आपण विचारता. वर्गात तो राहू शकतो आणि राहायलाच हवं. माझं मत कुणाला जातं हे माझ्या विद्यार्थ्याला कळता कामा नये. पण या तटस्थतेलाही हद्द आहे. एखादं पोर दुसऱ्याच्या जातीवरून बोललं, तर तिथे ‘दोन्ही बाजू’ मांडत बसणारा शिक्षक मला शिक्षक वाटत नाही. रोज परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणवून घ्यायची आणि समतेच्या प्रश्नावर गप्प बसायचं, हे जमणार नाही. पक्षाबद्दल मौन हवं, मूल्यांबद्दल नको.

खरी अडचण फाटकाबाहेर सुरू होते, आणि ती समजायला थोडं मागे जावं लागेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि 1880 साली टिळकांसोबत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकरही लवकरच येऊन मिळाले. सरकारच्या पगारावर राहून जे बोलता येत नव्हतं, ते बोलण्यासाठी खासगी शाळा हवी होती. कोल्हापूर संस्थानाच्या दिवाणांवर टीका छापल्याबद्दल झालेल्या बदनामीच्या खटल्यात, म्हणजे कोल्हापूर प्रकरणात, 1882 साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. तेव्हा ते शाळामास्तरच होते! पुढे 1907 मध्ये रिस्ले परिपत्रक आलं. शिक्षक-विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये, हा त्याचा रोख. म्हणजे ‘शिक्षकांनी राजकारणापासून दूर राहावं’ हा उपदेश आपल्याकडे आधी इंग्रज सरकारने केला आहे, हे विसरू नका. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. 1930 मध्ये सत्याग्रहात उतरायचं ठरलं तेव्हा त्यांनी आधी नोकरीचा राजीनामा दिला. ती वाट मला आजही सर्वांत स्वच्छ वाटते. पण घर ज्याच्या पगारावर चालतं त्याला ती दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

आता चित्र उलटं झालं आहे. तेव्हा सत्ता शाळेबाहेर होती आणि शाळा हा तिच्यापासूनचा आडोसा होता. आज तालुक्या-तालुक्यात आमदार, माजी आमदार, साखर कारखान्याचे अध्यक्ष हेच संस्थाचालक आहेत. अशा ठिकाणी सत्ता मुख्याध्यापकांच्या केबिनपलीकडच्याच खोलीत बसते. तिथे ‘तटस्थ राहा’ याचा व्यवहारातला अर्थ ‘दुसऱ्या पक्षाच्या सभेला दिसू नका’ एवढाच उरतो.

कायदा नाही असं नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम आहे. त्याने कायम शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही, आणि काढलंच तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हा कायदा विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे. आणि शिक्षकाचं राजकीय अस्तित्व तर राज्यघटनेनेच मानलं आहे. आपल्या विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. त्यामुळे शिक्षकाला मत नसावं, असं कुणी म्हणू नये.

पण ‘कायम’ या शब्दाशी सगळं अडतं. अनुदानित पदावर कायम झालेल्याचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, त्याला निदान नकार देता येतो. विनाअनुदानित तुकडीवरच्या माणसाचा पगार संस्थेच्या मर्जीवर असतो. कधी तुकडीला अनुदान मिळेल या आशेवर तो वर्षं काढतो, आणि त्याच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता मागणारी फाइल पुढे जायची की कपाटात राहायची, हे त्या गल्ल्या वाटून देणारी माणसंच ठरवतात. त्याला तटस्थतेचं व्याख्यान देणं हा अन्याय आहे. आधी त्याची मान्यता आणि पगार संस्थाचालकाच्या हातातून काढा, मग त्याला जाब विचारा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिलं. म्हटलं, “हो, वाटत होतो. संस्थेने सांगितलं म्हणून. मी तसं करायला नको होतं.” वर्ग शांत झाला. मग आम्ही प्रादेशिक पक्षांपासून पुढे सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मी ऑफिसात थांबलो नाही. मी कायम होतो, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, म्हणून मला ते जमलं. शेजारच्या वर्गातला शिक्षक कित्येक वर्षं विनाअनुदानित तुकडीवर होता. तो थांबला. माझी गल्लीही त्यालाच दिली गेली.