स्कॉट्सबोरोची ज्युरी

श्रोतेहो, नमस्कार. अपिलाचा निकाल लागला की आपण विचारतो, 'सुटला का?' आज ज्या अपिलांबद्दल बोलतोय, त्यांत आरोपी दोषी आहेत का, हे ठरवायला अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय बसलंच नव्हतं. त्यांना वकील कसा मिळाला आणि ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, कशी निवडली, एवढंच त्याने तपासलं.

मार्च 1931. अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांना मालगाडीतून उतरवून पकडलं. आरोप होता दोन गोऱ्या तरुणींवर बलात्काराचा. एप्रिल अर्धा सरायच्या आत स्कॉट्सबोरो गावात खटले उरकले आणि आठ जणांना मृत्युदंड झाला. न्यायाधीशांनी गावातल्या सगळ्याच वकिलांना मिळून नेमलं होतं, म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. खटल्याच्या सकाळी शेजारच्या टेनेसी राज्यातून आलेल्या एका वकिलाने कोर्टातच सांगितलं, की तयारीला वेळ मिळाला नाही आणि इथली कामकाजाची पद्धत मला ठाऊक नाही. तरी खटला चालला! 1932 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यांतल्या सात जणांच्या शिक्षा रद्द केल्या. जीव पणाला लागलेल्या आरोपीला नावापुरता वकील देऊन भागत नाही, असं बजावलं.

मग फेरखटल्यात न्यूयॉर्कचे वकील सॅम्युएल लीबोविट्झ बचावाला आले. साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच त्यांनी ज्युरीवर आक्षेप नोंदवला. स्कॉट्सबोरो ज्या जिल्ह्यात येतं, त्या जॅक्सन काउंटीत कृष्णवर्णीय माणूस ज्युरीत बसलेला कुणाच्या आठवणीत नव्हता. ही नोंद मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे ज्युरी कधीच बंद झाली, म्हणून सांगतो, खालच्या कोर्टात वेळेवर घेतलेला आक्षेप कागदावर नसेल, तर वरच्या कोर्टात तो ऐकून घेणं मुश्किल. ज्युरीची लबाडी उघडी पाडायलाही आधी जागरूक वकील लागतो.

ज्युरीच्या यादीत काही कृष्णवर्णीयांची नावं होती खरी, पण ती मागाहून घुसडलेली. लीबोविट्झनी यादीची ती वही थेट वॉशिंग्टनला, सर्वोच्च न्यायालयात नेली आणि न्यायमूर्तींनी भिंग लावून पानं पाहिली. कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळलं, म्हणून 1 एप्रिल 1935 रोजी त्या नऊ जणांपैकी क्लॅरेन्स नॉरिसची शिक्षा रद्द झाली.

आणि तरीही नॉरिस सुटला नाही, याची मला आजही चीड येते. अपील जिंकलं म्हणजे फेरखटला मिळाला, एवढंच. 1937 मध्ये त्याला पुन्हा मृत्युदंड झाला, पुढच्या वर्षी त्याची जन्मठेप झाली. अलाबामाने त्याला माफी दिली ती 1976 मध्ये.