जिंकलेले कॉइन आणि हाती पडणारे डॉलर

(अमेरिकेतील मराठी भाषकांच्या एका मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

स्वीपस्टेक्स कॅसिनोत, म्हणजे जाहिरातीच्या सोडतीच्या नावाखाली चालणाऱ्या ऑनलाइन कॅसिनोत, जिंकलेले पैसे बँकेत यायला इतका वेळ का लागतो, आणि कधीकधी ते येतच का नाहीत, हा प्रश्न करविवरणाच्या हंगामात मला हमखास विचारला जातो. माझेच पैसे मला देताना कंपनीच्या पोटात का दुखते, असा विचारणाऱ्याचा सूर असतो. त्यातला ‘माझेच पैसे’ हा भाग कायद्याच्या दृष्टीने डळमळीत आहे, आणि आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत एखादा खेळ जुगार ठरायला तीन गोष्टी लागतात : बक्षीस, नशीब आणि खेळणाऱ्याने मोजलेला मोबदला. तिसरी गोष्ट वगळली की उरते ती जाहिरातीसाठी काढलेली सोडत. पर्थ येथे २०१० साली स्थापन झालेल्या व्हीजीडब्ल्यू या ऑस्ट्रेलियन कंपनीने चुंबा कॅसिनोच्या रूपाने हीच वाट मोठ्या प्रमाणावर रुळवली. खेळाडू पैसे मोजून घेतो ते गोल्ड कॉइन, जे कधीच पैशांत बदलता येत नाहीत. त्यांच्यासोबत स्वीप्स कॉइन ‘भेट’ मिळतात, आणि एक स्वीप्स कॉइन साधारणतः एका डॉलरला वटतो. आपण नेमके काय विकत घेत आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक असते आणि विकणाऱ्यालाही.

हा भेटीचा दावा टिकावा म्हणून एक पैसाही न देता स्वीप्स कॉइन मिळवण्याची सोय ठेवावी लागते, आणि ती पाहण्यासारखी असते. कंपनीने ठरवून दिलेल्या मापाच्या कोऱ्या कागदावर, नियमावलीत छापलेला मजकूर शब्दशः स्वतःच्या हाताने लिहायचा, पाकिटावरचा पत्ताही हातानेच लिहायचा, आणि एका पाकिटात एकच अर्ज घालून तो टपालात टाकायचा. एखादा शब्द गाळला किंवा पत्ता छापील चिकटवला तर अर्ज बाद. अवघा व्यवहार मोबाइलवर चालवणाऱ्या कंपनीला येथेच नेमका टपाल खात्याचा पुळका का येतो, हे मी तुमच्यावर सोपवतो.

आता मुद्द्याकडे येऊ. बँकेतील शिल्लक हे बँकेने तुम्हाला देणे असलेले कर्ज असते. स्वीप्स कॉइनची शिल्लक तशी नसते. कंपनीच्या नियमावलीनुसार ते अजून न दिलेले बक्षीस असते, आणि बक्षीस देण्यापूर्वी विजेता पात्र आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखलेला असतो. पुढच्या बहुतेक अडचणी येथूनच निघतात.

भेट मिळालेले कॉइन थेट वटवता येत नाहीत, ते किमान एकदा खेळावे लागतात. ही अट दिसायला किरकोळ आहे. पण समजा खेळाचे यंत्र लावलेल्या कॉइनपैकी सरासरी ९५ टक्के परत करते, तर १०० कॉइन एकदा फिरवल्यावर सरासरीने ९५ उरणार. शिवाय रोख रकमेसाठी किमान शिल्लक लागते, अनेक ठिकाणी ती ५० किंवा १०० कॉइन असते, आणि ७० वर पोचलेला माणूस १०० गाठण्याच्या नादात पुन्हा खेळतो, हे मी अनेकांच्या हिशेबात पाहिले आहे.

मग येते ओळखीची पडताळणी, आणि आपल्या मंडळींचे घोडे बहुतेक वेळा येथेच अडते. आपल्या भारतीय पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव मिळून ‘दिलेले नाव’ होते. ड्रायव्हिंग लायसन्सवर ते तसेच उतरते, बँकेच्या खात्यावर मात्र वडिलांचे नाव गळते, आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत पासपोर्टवर माहेरचे तर खात्यावर सासरचे आडनाव असते. पैसे खेळाडूच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातच जाऊ शकतात, त्यामुळे नावांत फरक दिसला की पैसे काढण्याचा अर्ज बाजूला पडतो. म्हणून माझा सल्ला असा की कागदपत्रांची पडताळणी पहिल्याच दिवशी, खिशातला डॉलर काढण्यापूर्वी करून घ्यावी. भारतातून आलेल्या वडिलांनी मुलाच्या खात्यावरून खेळायचे, किंवा बंदी असलेल्या राज्यात बसून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरचे आपले खरे ठिकाण लपवणाऱ्या सोयीने, दुसरे राज्य दाखवायचे, हे प्रकार तर नियमावलीच्या भाषेत बक्षीस जप्त करायला पुरेसे आहेत.

अर्ज मंजूर होईपर्यंतचे दिवसही धोक्याचेच. या काळात अर्ज रद्द करून कॉइन पुन्हा खेळात घेता येत असतील, तर अनेकांचा हात तिकडे वळतो. ब्रिटनमध्ये जुगार आयोगाने २०२१ मध्ये ऑनलाइन कॅसिनोंना ही सोय देण्यास कायमची मनाई केली. माझ्या मते तो सगळ्यात शहाणपणाचा नियम आहे. अमेरिकेतले स्वीपस्टेक्सवाले स्वतःला कॅसिनोच मानत नाहीत, तेव्हा असल्या नियमाची अपेक्षा त्यांच्याकडून कोणी करावी?

राज्यांची सहनशक्ती मात्र संपत आली आहे. २०२५ मध्ये माँटाना, कनेक्टिकट आणि न्यू जर्सी यांनी गोल्ड आणि स्वीप्स अशा दोन चलनांच्या या पद्धतीवर बंदी घालणारे कायदे केले, न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी जूनमध्ये २६ संकेतस्थळांना व्यवहार थांबवायला सांगितले, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. कंपनी एखाद्या राज्यातून निघते तेव्हा ती सहसा स्वीप्स कॉइन वटवण्यासाठी मुदत जाहीर करते, आणि ती सूचना जाहिरातींच्या ईमेलमध्ये हरवते. गोल्ड कॉइनचे काय होते, असे विचारूच नका.

करांबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण तो माझा प्रांत आहे. कंपनीने फॉर्म पाठवला नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त झाले, ही समजूत साफ चुकीची आहे. दिलेल्या रकमेची माहिती कंपनी ज्यात कळवते त्या फॉर्म १०९९ साठीची ६०० डॉलरची मर्यादा २०२६ पासून २,००० झाली आहे, पण ती कंपनीच्या कागदपत्रांची मर्यादा आहे, तुमच्या करदायित्वाची नव्हे. तोट्याची वजावट हा त्याहून अवघड विषय. जुगारातील तोटा जिंकलेल्या रकमेपुरताच आणि खर्चांची तपशीलवार वजावट घेणाऱ्यालाच वजा करता येतो, आणि २०२६ पासून त्यातलाही ९० टक्केच. म्हणजे १०,००० जिंकून १०,००० हरलेल्या माणसालाही १,००० डॉलरवर कर लागू शकतो. त्यातही मेख अशी की तुम्ही विकत घेतले ते गोल्ड कॉइन, आणि ते निव्वळ करमणुकीसाठी, असे कंपनीच लिहून देते; मग तो खर्च जुगारातील तोटा कसा, हा प्रश्न कर अधिकारी विचारू शकतो.

विद्यार्थ्यांची स्थिती आणखी कडक आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी सहसा अनिवासी असतो. त्याला अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर १०४०-एनआर या अनिवासींच्या विवरणात दाखवावा लागतो, आणि भारतीय विद्यार्थ्याला त्यातून तोटा वजा करता येत नाही.

भारतात परतून तेथून खेळण्याचा विचार कोणी करत असेल, तर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २००० सालच्या नियमांत, ज्यांसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे त्या बाबींच्या यादीत लॉटरीच्या तिकिटांबरोबर स्वीपस्टेक्सचा नावानिशी उल्लेख आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर पैशांत बदलता येणारे कॉइन आणि टोकनही पणाच्या, म्हणजे डावावर लावलेल्या ऐवजाच्या, व्याख्येत घेतले आहेत, त्यामुळे येथली गोल्ड आणि स्वीप्स अशी फोड तेथे उपयोगाची नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. राज्यातून गाशा गुंडाळणारी कंपनी खाते बंद करते, तेव्हा आतला व्यवहारांचा इतिहासही दिसेनासा होऊ शकतो. खरेदीच्या पावत्या, वटवणुकीच्या नोंदी आणि बँकेचे उतारे आजच उतरवून घ्या. विवरण भरायला याल तेव्हा मी तेच मागणार आहे.