काट्याकडे नको, कमरेकडे बघा

तुमच्यातले बरेच जण सकाळी ग्राउंडवर भेटतात आणि एकच गोष्ट विचारतात, डॉक्टर, तीन महिने झाले रोज चालतोय, वजन काही हलत नाही, मग उपयोग काय? आज यावरच बोलणार आहे, कारण या एका प्रश्नापायी चांगलं सुरू असलेलं चालणं बंद केलेली माणसं मी १७ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये खूप बघितलीत आणि दरवेळी जीव हळहळतो.

आधी हिशोब करू. ७० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला, म्हणजे अडीच-पावणेतीन किलोमीटर धरा, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा शंभर-सव्वाशे कॅलरी जास्त जळतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे महिनाभर एकही खाडा केला नाहीत, खाणं होतं तेवढंच ठेवलंत, तरी कमी होणार अर्ध्या किलोच्या आत. आणि आपलं वजन तर पाणी किती प्यायलो, काल खारट काय खाल्लं, पोट साफ झालं का, एवढ्यावरच दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं, मग ते अर्धा किलो काट्यावर दिसणार कसं? त्यात वॉक झाला की चहा-बिस्किटं, कुणाचा वाढदिवस असला की वडापाव. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे अडीच दिवसांचं चालणं तिथेच भरून निघालं. वजन उतरवायचं असेल तर ते मुख्यतः ताटात उतरतं, चालण्याने त्याला हातभार लागतो, हे मी सरळ सांगते, उगाच आशा दाखवत नाही.

मग चालायचं कशाला? माझ्याकडे एक काकू येतात, वय ५८. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने वजन लिहायच्या, आणि ती चार पानं घडी घालून पिशवीतून दवाखान्यात घेऊन आल्या. ७१.२, ७१.६, ७०.९, ७१.४. चार महिने हेच. डोळ्यांत पाणी होतं, म्हणाल्या आता नाही चालणार. मी सहज विचारलं, काकू, परकराची नाडी पूर्वीएवढीच लांब राहते का हो? त्या थांबल्या, म्हणाल्या, अगं हो, आता फारच लोंबते, मी आत खोचून ठेवते. टेप लावला. पहिल्या दिवशी कागदावर ९५ सेंटीमीटर लिहिलेले होते, आता ९१.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जी चरबी साठते तीच जास्त त्रासाची, आणि नेमाने चालल्यावर ती कमी होऊ लागते, काटा जागचा हलला नाही तरीसुद्धा. आपल्या लोकांना हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला होता, शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक आणि आतून चरबी, म्हणून तर वजन नॉर्मल असलेल्या माणसालाही आपल्याकडे शुगर निघते आणि घरचे म्हणतात, अहो पण हे तर किती बारीक आहेत!

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर अभ्यास केला, तो २००६ साली छापून आला. एका गटाला रोज किमान अर्धा तास भरभर चालायला आणि खाण्यात थोडा बदल करायला सांगितलं होतं, तीन वर्षांत त्या गटात डायबेटिस होण्याचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला, आणि वजन? वजनात म्हणावा असा फरकच नव्हता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. काट्यावर विसंबून ज्यांनी मधेच सोडलं असतं त्यांचं केवढं नुकसान झालं असतं बघा.

लंडनच्या डबलडेकर बसचंही सांगते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवलं की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हार्टचा त्रास कमी होतो. पुढे त्यांनी युनिफॉर्मच्या पॅन्टींची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या. आता बारीक माणसंच आधीपासून कंडक्टर होत असतील, ही शंकाही त्यांनीच काढली, पण नंतर दिसलं की कंडक्टर बारीक असो की जाडा, त्याला त्रास कमीच.

शतपावली तर आपल्या आज्यांनी सांगितलेलीच. जेवण झाल्यावर रक्तात साखर चढत असते, अशा वेळी पिंडऱ्या-मांड्यांचे स्नायू कामाला लागले की ते इन्सुलिनची वाट न बघता ती साखर आत ओढून घेतात. पण शंभर पावलं म्हणजे मिनिटभर झालं, तेवढ्यावर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं तरी हिंडा, आणि जेवून उठल्यावर सोफ्यावर टेकायच्या आधीच निघा, एकदा टेकलं की उठवत नाही.

वेग किती, हे विचारता. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा. दहा हजार पावलांचं मनावर घेऊ नका, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, आज दोन हजार होत असतील तर चार हजारानेही खूप फरक पडतो. आणि ज्यांनी खाणं सांभाळून वजन उतरवलंय त्यांनी तर चालणं मुळीच सोडू नका, उतरलेलं वजन परत चढू न देण्यात चालण्याचा फार मोठा वाटा असतो.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी उपाशीपोटी लांब जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोज ठेवाच. चालताना छाती आवळल्यासारखी झाली तर तिथेच थांबायचं, घर जवळ आलंय म्हणून रेटायचं नाही.

आता माप. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड, त्यांच्या बरोब्बर मधे टेप धरायचा, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पुरुषांचं ९० सेंटीमीटरच्या आत, बायकांचं ८० च्या आत हवं. बाहेर टेबलावर शिंप्याकडचे दोन टेप आणि कोरे कागद ठेवलेत, बायकांसाठी आतल्या खोलीत सोय आहे. माप, तारीख लिहा आणि कागद घरी न्या, चार महिन्यांनी परत मोजू. काट्यावरचं वजन आज लिहायचं नाही.