कोपऱ्यातला पावसाळा

नमस्कार, श्रोतेहो.

आषाढात पाऊस चांगला लागला, की सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजी पहाटेच वारुळांकडे फेरी मारायची. अळंबी उगवली असेल तर ओच्यात घालून आणायची. कुठून आणली, ते मात्र शेजारणीलाही सांगायची नाही. लग्न होऊन मी पुण्यात आले, तिसऱ्या मजल्यावर राहू लागले आणि ती चव मागे राहिली.

आज घरच्या घरी अळिंबी कशी लावायची, ते सांगते. ती वारुळावरची अळंबी मात्र घरी लावता येत नाही. वारुळाच्या पोटात वाळवी त्या बुरशीची चक्क शेती करते, आणि दोघींचं पोट एकमेकींवर अवलंबून असतं. वाळवीला सोडून ती आपल्याकडे नांदत नाही. धिंगरी अळिंबीचं तसं नाही. शिंपल्यासारखा आकार असतो, म्हणून दुकानात तिला ऑयस्टर मशरूम म्हणतात. ती जगते मेलेल्या लाकडावर, भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नाची टंचाई पडली, तेव्हा तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर तिची लागवड करून पाहिली गेली. इतकी ती भागवून घेणारी आहे. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं धिंगरीच घ्यावी. भाजीवाल्याकडे पांढरी गोल बटन अळिंबी दिसते, तिला खास कंपोस्ट लागतं आणि चौदा ते अठरा अंशांचा गारवा लागतो. घरात तो खटाटोप नको.

बाजारात किट दोन तऱ्हेचे मिळतात. एकात बियाणं म्हणजे बुरशी वाढवलेलं धान्य, शिवाय काड आणि पिशव्या, सगळं सुटं असतं. दुसऱ्यात पिशवी भरून, पांढरी होऊन तयार येते. सुरुवात या दुसऱ्यानं करा, असं मी आग्रहानं सांगेन. तो पांढरा रंग बघून काही जण घाबरतात, काड खराब झालं असं वाटतं. पण ती पांढरी जाळी म्हणजेच अळिंबी. आपण खातो ते तिचं फळ. फळ धरायला तिला एवढंच कळावं लागतं, की बाहेर पाऊस सुरू झालाय: ओल आहे, हवा खेळती आहे, थोडा उजेड आहे. घराच्या एका कोपऱ्यात तेवढा पावसाळा उभा करणं, हेच आपलं काम.

माझी पहिली पिशवी इथेच फसली. ओल राहील म्हणून मी ती न्हाणीघरात टांगली आणि दार लावून घेतलं. आठवड्यानं पाहिलं, तर लांबच लांब पांढरे दांडे आणि टोकाला मुगाएवढ्या टोप्या. मला फार वाईट वाटलं. पाणी तर भरपूर होतं, मग चुकलं कुठे? चुकलं हवेत. अळिंबी झाडासारखी नसते, ती आपल्यासारखाच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते. कोंडलेल्या जागेत तो साचला, की ती ताज्या हवेच्या शोधात मान उंच करत राहते, टोपी काही उघडत नाही.

दुसरी पिशवी मी स्वयंपाकघराच्या गॅलरीत, ऊन अजिबात येणार नाही अशा बाजूला टांगली. तिन्ही बाजूंनी ओलं गोणपाट सोडलं, वरून मच्छरदाणीचं कापड, कारण चिलटं फार येतात. फवाऱ्याच्या बाटलीनं दिवसातून तीनदा पाणी, तेही धुक्यासारखं. गोणपाटावर जास्त आणि पिशवीवर कमी. पिशवीच्या तळाशी पाणी साचू द्यायचं नाही, ती आंबते. पाचव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसले. लागवड करणारे त्यांना पिनहेडच म्हणतात. तिथून पुढे मात्र डोळ्यांदेखत वाढ होते. सकाळी बोराएवढी होती, ती दुसऱ्या दिवशी तळहाताएवढी. दाणे दिसल्यापासून चौथ्या दिवशी काढायला आली.

काढण्याची वेळ ओळखायला टोपीची कड बघा. कड खाली वळलेली असतानाच काढायची. ती वर उलटायला लागली, की बारीक पांढरी भुकटी उडते. ती तिची बीजं. दमा, खोकला असलेल्यांना त्याचा त्रास होतो, म्हणून पिशवी झोपायच्या खोलीत कधीच ठेवू नका. सुरी लावायची नाही. सगळा घोस बुडाशी धरून हलकेच पिळायचा, तो सुटून येतो. मग आठ-दहा दिवसांनी दुसरा बहर, नंतर तिसरा. एक किलो कोरड्या काडावर तिन्ही बहर मिळून साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम अळिंबी मिळते, पहिल्या बहराला सगळ्यात जास्त. पिशवीवर हिरवी बुरशी पसरली, तर लोभ करू नका, न उघडता तशीच घराबाहेर काढा.

दोन तयार पिशव्या निभावल्या, की स्वतः भरून बघा. काड बोटाबोटाएवढं कापून रात्रभर भिजवायचं, ऐंशी अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, निथळवायचं. मुठीत दाबलं तर तळवा ओला व्हावा, पण थेंब पडू नये. मग थरावर थर बियाणं टाकून पिशवी बांधायची, बाजूंना भोकं पाडायची आणि पंधरा-वीस दिवस अंधारात विसरायची. काही जण काड बुरशीनाशकाच्या आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात भिजवतात. जिथे आपला स्वयंपाक होतो, तिथे ते मला नको वाटतं. बियाणं ताजं हवं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, तिथे जरूर चौकशी करा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरी पीक आलं, म्हणून रानातली ओळख नसलेली छत्री तोडून आणू नका. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, या परीक्षा खोट्या आहेत. काही विषारी अळिंब्यांचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास लागतात. तोवर उशीर झालेला असतो. आजी फक्त तिला माहीत असलेल्या वारुळांवरचीच आणायची.

धिंगरी आमच्याकडे कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात होते, नीट शिजवून. पहिल्या खेपेला आईला गावाहून बोलावलं होतं. तिनं घास घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "वारुळावरच्यासारखी नाय, पण गो, बरी आसा." दुसऱ्यांदा मागून घेतली.

आज सकाळी गॅलरीतल्या पिशवीवर तिसऱ्या बहराचे दाणे दिसले आहेत. रविवारपर्यंत काढायला येतील. रिकामं झालेलं काड मग कढीलिंबाच्या कुंडीत जाईल.

नमस्कार.