डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

मित्रहो, गोव्यात डिसेंबर महिन्यात सैन्यावर बोलायचं, तर सुरुवात १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळपासूनच करायला हवी. त्या दिवशी कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी उखडली आणि हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. पण आजच्या विषयासाठी मला त्याच दिवशीचं दमण जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे पहिली मराठा बटालियन पहाटेच्या अंधारात पुढे सरकली होती, आणि उजाडल्यावर मिस्टेअर विमानांनी पोर्तुगीजांच्या तोफांवर हल्ले चढवले. दाबोळीच्या धावपट्टीवर आपला एकही जवान नव्हता. दमणमध्ये शत्रू आणि आपली माणसं एकाच शिवारात होती. पायदळाला हवेतून जवळची साथ देणं म्हणतात ते हे, आणि लढाऊ विमानाला यापेक्षा अवघड काम नाही.

या एका कामासाठी वेगळं विमान बाळगावं का, हा वाद अमेरिकेत वर्षानुवर्षं धुमसतो आहे. त्यांचं ए-१० हे विमान मुळात एका तोफेभोवती बांधलेलं. सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ, हजारावर गोळे, वैमानिक टायटेनियमच्या घंगाळात बसवलेला. संथ उडतं, खाली येतं, घिरट्या घालतं. २०१४ साली तिथल्या हवाई दलाने ते निवृत्त करायचं ठरवलं, तेव्हा संसदेने नकार दिला. हवाई दलाचं म्हणणं असं की खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या काळात संथ विमान टिकणार नाही, एफ-३५ सारखं विमान हेच काम दुरून करेल. २०१८-१९ मध्ये दोघांची समोरासमोर चाचणीसुद्धा झाली.

मी पायदळातला माणूस. खंदकात बसलेल्याला डोक्यावर घिरट्या घालणारं विमान दिसलं की किती धीर येतो, हे मला कुणी सांगायला नको. तरीही कारगिल आठवल्यावर मी हवाई दलाला चूक म्हणू शकत नाही. १९९९ च्या मे महिन्यात लष्कराने आधी मागितली होती सशस्त्र हेलिकॉप्टरं. हवाई दल सांगत होतं की त्या उंचीवर ती सहज टिपली जातील. २६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले आणि २८ तारखेला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. चौघे गेले. शत्रू शिखरावर बसलेला, क्षेपणास्त्र तिथूनच सुटणार, मग खाली उतरणारं विमान आयतंच त्याच्या तोंडी. शेवटी उपयोगी पडलं ते मिराज. खूप उंचावरून, लेझरने नेम धरून. मिराज काही पायदळासाठी घेतलेलं विमान नव्हे.

म्हणून मला वाटतं, हा वाद विमानाच्या सांगाड्यावर अडकून पडला आहे. २००३ साली इराकमध्ये नासिरियाजवळ ए-१० विमानांनी स्वतःच्याच मरीन सैनिकांवर गोळीबार केला. २०१४ साली अफगाणिस्तानात उंचावरच्या बी-१ विमानाचे बॉम्ब पाच अमेरिकन आणि एका अफगाण सैनिकावर पडले. जवानांजवळ डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे होते. विमानाच्या यंत्राला ते दिसतच नाहीत, हे ना विमानातल्यांच्या ध्यानात होतं, ना जमिनीवरून सूचना देणाऱ्याच्या. विमानं दोन, एक खालून उडणारं, एक वरून. गफलत एकच: आपली माणसं कुठे आहेत हे वरच्याला कळलं नाही.

तुम्हीच करून बघा. साखळी गावातल्या आपल्या घराचा पत्ता हेलिकॉप्टरमधल्या माणसाला सांगा. कौलारू घर? सगळीच कौलारू. दारात तुळस, मागे विहीर, बाजूला माड? अर्ध्या वाड्याची हीच खूण. आता विचार करा, तो हेलिकॉप्टरमध्ये नाही, लढाऊ विमानात आहे, सेकंदाला दोनशे मीटर वेगाने जातो आहे आणि तुमच्यावर कुणी गोळ्या झाडतं आहे.

लोंगेवालाची गोष्ट आपण हंटर विमानांची म्हणून सांगतो. ५ डिसेंबर १९७१ च्या पहाटेपर्यंत मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांची शंभर-सव्वाशे माणसं रणगाड्यांसमोर तग धरून राहिली, कारण हंटरला रात्री दिसत नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक. पण उजाडल्यावर मेजर आत्मा सिंग लष्कराचं छोटं कृषक विमान घेऊन वर गेले आणि हंटर वैमानिकांना लक्ष्य दाखवू लागले, त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? कृषकवर बॉम्ब नव्हते. त्या विमानात जमिनीवरच्या लढाईचं भान असलेला माणूस होता.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. एका सरावात मी वायरलेसवर होतो. विमान आलं. मी म्हणालो, "रस्त्याच्या डावीकडे, पांढऱ्या खडकाजवळ." मी उत्तरेकडे तोंड करून बसलो होतो. तो पूर्वेकडून येत होता. सरावाचा बॉम्ब पडला तो आमच्याच एका तुकडीच्या बाजूला. त्यात दारूगोळा नव्हता म्हणून निभावलं. तिथला हवालदार मला काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. ती नजर मला अजून झोपू देत नाही.

संध्याकाळी तो वैमानिक आमच्या तंबूत आला. वयाने माझ्याएवढाच. माझ्या वहीत त्याने वरून दिसणारा तोच माळ काढून दाखवला. माझा पांढरा खडक त्यात नव्हताच! होता तो ओढ्याचा वाकडा पट्टा, रस्त्याचा फाटा आणि एक तळं. तो म्हणाला, "मोठ्यापासून सुरू कर. आधी तळं, मग फाटा, मग फाट्यापासून किती मीटर. आणि डावं-उजवं नको, दिशा सांग." आम्ही दोघं कंदिलाजवळ तासभर तीच वाक्यं घोटत बसलो. तो विमान, मी वायरलेस.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. मी म्हणालो, "तळं दिसतंय?" तो म्हणाला, "दिसतंय." मी पुढचं वाक्य सांगितलं.